लाभ, दोन, तीन

मार्गासनी, ता. वेल्हे
८ जानेवारी २०२४

चि. इंदा यास रतनअक्काचे अनेक आशीर्वाद.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे तुला डोकं खाजवायला नको. तुला एक बहीण आहे. आठ वर्षांनी थोरली. पालीत जन्मली, मार्गासनीत दिली, अजून मेलेली नाही. आठवलं का? नसेल तर तुझ्या हापिसात पहिल्या पदवीदानाचा फोटो लावलाय, तो बघ. लाल झग्यातल्या कुलपतीशेजारी जी म्हातारी तोंडाला पदर लावून हसतेय, ती मी. तुझ्या टोपीचा गोंडा सारखा नाकावर येत होता आणि एवढा मोठा माणूस फुंकर मारून त्याला हाकलत होता, म्हणून हसत होते.

तेव्हा तुला विचारलं होतं, कुलपतीनं करायचं काय असतं? तू म्हणालास, "अक्का, वर्षातून एकदा उठून 'समारंभ सुरू झाला' म्हणायचं, आणि दोन तासांनी 'संपला' म्हणायचं." म्हटलं, एवढ्यासाठी भोरपर्यंत शिकायला गेलास? हे तर आमचा गुरवसुद्धा सांगतो, आणि वर प्रसाद देतो.

असो. भाऊबीजेला तू आला नाहीस. माझं लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदा. भाऊ आला नाही की चंद्राला ओवाळायचं असतं, तसं ओवाळलं. पण चंद्राकडं ओवाळणी मागता येत नाही, म्हणून हे पत्र.

फोन लावला की कुणीतरी पुरुष सांगतो, "सर मीटिंगमध्ये आहेत." दोन महिने चालणारी मीटिंग कसली? तेवढ्यात महाभारताचं युद्ध तीनदा आटपलं असतं.

पत्र लिहितेय नूतन, माझ्या अमृतची सून. अंगणवाडीत शिकवते. मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, तुझ्या हापिसात कुणी हसू नये म्हणून. तू मात्र स्वतःच्या हातानं दोन ओळी लिही. मला वाचता येत नाही, पण तुझं अक्षर ओळखता येतं. वाऱ्यानं भात लवावं तशी तुझी सगळी अक्षरं एका बाजूला लवतात.

तुझी,
रतनअक्का (अंगठा)


कुलपती कार्यालय
२३ जानेवारी २०२४

आदरणीय भगिनी श्रीमती रतनबाई यांस,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. आनंद झाला. नवीन अभ्यासक्रम, परदेशी विद्यापीठांशी करार आणि मार्च महिन्यातील पदवीदान समारंभ यांच्या कार्यबाहुल्यामुळे यंदा भाऊबीजेस येणे शक्य झाले नाही, याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.

माझी प्रकृती उत्तम आहे. आपण सर्वांनी काळजी करू नये. गावाची ओढ मात्र आजही तितकीच आहे. आपल्या आईच्या हातच्या पुरणपोळीची चव अजून जिभेवर रेंगाळते.

आपला नम्र बंधू,
इंद्रजित
कुलपती
(शिक्का)


मार्गासनी
३ फेब्रुवारी २०२४

जो कोणी माझ्या भावाच्या नावानं पत्र लिहितो, त्यास रतनबाईचा नमस्कार.

बाबा, नाहीतर बाई, तुझं पत्र नूतननं दोनदा वाचलं. लई गोड आहे. इतकं गोड की मुंग्या लागतील. पण पुढच्या वेळी खोटं लिहायचं झालं तर आधी मला विचारत जा.

आमची आई इंदाला अकरा महिन्यांचा ठेवून गेली. त्या वयात त्यानं पुरणपोळी खाल्ली असेल तर त्याला कुलपती नाही, देवच म्हणायला हवं. आईची पोळी सोड, त्याला आईचं तोंड आठवत नाही. त्याला मी कडेवर घेऊन वाढवला. माझा खांदा अजून एका बाजूला उतरलेला आहे, तो त्याच्या वजनानं.

आणि तो मला कधी 'आदरणीय भगिनी' म्हणालेला नाही. लहानपणी 'रत्ने' म्हणायचा, मार खाल्ल्यावर 'अक्का' म्हणायला लागला.

तुला मी दोष देत नाही. मीही सांगून लिहून घेते, तुझा साहेबही घेत असेल. पण माझं पत्र मी बोललेलं असतं. हे पत्र माझा भाऊ बोललेला नाही.

एवढंच विचारते. त्याला काय झालंय? मेला असेल तर तसं लिही. सुतक तरी धरू दे.

रतनबाई (अंगठा)


भोर
१७ फेब्रुवारी २०२४

ती. आजी यांस साष्टांग नमस्कार.

मी मधुवंती. भोरची. वडील नारायणराव तहसील कचेरीत होते. अकरा वर्षं मी कुलपतींची स्वीय सहायक आहे. ते पत्र मी लिहिलं. "म्हाताऱ्या आत्याला चार गोड ओळी लिही आणि शिक्का मार," असं स्वरूपसरांनी, म्हणजे तुमच्या भाच्यानं सांगितलं होतं. पुरणपोळी मी माझ्या मनानं घातली. आजी, मला क्षमा करा.

हे पत्र घरून लिहितेय. ऑफिसात कुणाला माहीत नाही.

सर जिवंत आहेत. दिवाळीच्या दोन आठवडे आधी पदवीपत्रांवर सह्या करताना त्यांच्या हातून पेन गळालं. ते उचलायला वाकले आणि उठले नाहीत. उजवं अंग गेलं. बोलणं गेलं. वाचणंही गेलं, कागद उलटा दिला तरी त्यांना फरक कळत नाही. ज्या माणसानं नसरापूरच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये तीस मुलांचं कॉलेज काढलं आणि त्याचं विद्यापीठ केलं, तो आता बंगल्याच्या मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसलेला असतो. बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा हुकूम आहे.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. चंद्राकडं ओवाळणी मागता येत नाही, या ओळीला ते हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले.

दोन मार्चला विश्वस्तांची बैठक आहे. तीन डॉक्टर येणार आहेत. सरांची समज शाबूत आहे असं ठरलं, तर शेवटपर्यंत कुलपती तेच राहतील; रोजचं काम कुलगुरू बघतातच. समज गेली असं ठरलं, तर त्यांच्या जागी स्वरूपसर येतील आणि सरांना बंगल्यातून एका सेवाकेंद्रात हलवतील. त्यांच्या देखत हे सगळं बोललं जाईल. मला त्याचीच भीती वाटते.

खरं सांगते, आशा कमी आहे. एक डॉक्टर आधी येऊन गेले. ते म्हणाले, काही रुग्णांना बोलता येत नाही पण मोजता येतं, ते जमलं तर समज आहे असं धरता येईल. एकपासून दहापर्यंत मोजा म्हणाले. सर लगेच बोलले. चार महिन्यांत पहिल्यांदा स्पष्ट शब्द ऐकले. पण म्हणाले, "लाभ, दोन, तीन, चार." पुन्हा विचारलं. पुन्हा "लाभ". डॉक्टर आपल्याकडचे नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'पहिला अंक ओळखत नाही, असंबद्ध शब्द.' मलाही तसंच वाटलं. आजी, ज्याला एक कळत नाही, त्याच्यासाठी मी काय भांडणार?

तुमची,
मधुवंती


मार्गासनी
२२ फेब्रुवारी २०२४

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून माझ्या मुलाला, अमृतला, एस.टी.नं धाडलंय. त्याच्या पिशवीत शेराचं एक जुनं माप आहे. ते तुझ्याजवळ ठेव आणि मी सांगते ते नीट ऐक.

तुमी समदी शिकलेली माणसं आणि एकालाही ठाऊक नसावं? (नूतन, हे 'समदी' खोडू नकोस. राहू दे.)

माझा भाऊ बरोबर मोजतोय.

खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं तर धान्य एकटं पडतं, वाढत नाही, अशी आमच्याकडं रीत आहे. आमचे बाबा, गेनबा, माप ओतायचे आणि हा राशीशेजारी उकिडवा बसून मोज धरायचा. सहा वर्षांचा होता. मधे कुणी बोललेलं चालायचं नाही. एकदा विंचू चावला तर रडत रडत मोजत राहिला, पण मोज चुकू दिली नाही. त्याला अक्षर यायच्या आधी हे येत होतं.

पुढं भोरच्या शाळेत घातला. मास्तर म्हणाले, मोज. हा म्हणाला, "लाभ, दोन, तीन." अख्खा वर्ग हसला आणि मास्तरांनी छडी मारली. घरी आल्यावर हात दाखवला. म्हटलं, काय चुकलं रे? म्हणाला, "अक्का, शिकलेल्या लोकांत पयल्याला एकच म्हणायचं असतं." त्यानंतर मोठा होऊन प्रोफेसर झाला, प्राचार्य झाला, तुमचा कुलपती झाला; तो शब्द त्यानं शिकलेल्या माणसांपुढं पुन्हा काढला नाही. आता वरची सगळी अक्षरं वाहून गेली आणि खालचं खळं उघडं पडलंय. वेडा झाला नाही तो. तो पालीला आमच्या खळ्यावर जाऊन बसलाय, एवढंच.

आता काम सांगते. बैठकीत त्याच्यापुढं तांदळाची रास घाल. हे माप डाव्या हातात दे. "एकपासून मोजा" म्हणू नकोस, "भात मोज" म्हण. आणि तो बोलायच्या आधी उभी राहा आणि त्या डॉक्टरांना ही रीत सांग. लाजू नकोस. माझं नाव सांग. हवं तर मला बोलवा, मी टेम्पोत बसून येते. मला काही येत नाही, पण हे येतं.

त्याला वेडा म्हणतील आणि तो ऐकत बसेल, हे होऊ देऊ नकोस. त्याला सगळं कळतंय. तुझ्या हातात आहे.

रतनबाई (अंगठा)


मार्गासनी
२० मार्च २०२४

मधुवंती,

तुझं उत्तर नाही. अमृत म्हणतो, पिशवी तुझ्याच हातात दिली, गेटवर. चष्मा होता, निळी ओढणी होती, "आजींना सांगा, मी बघते" म्हणालीस.

काल नूतननं मोबाईलवर पदवीदान दाखवलं. लाल झगा दिसला. आत माणूस दुसरा होता. स्वरूपच्या डोक्यावर टोपी नीट बसली आहे, गोंडा कुठं जात नाही. 'सुरू झाला' म्हणाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या रांगेत तू दिसलीस. तूही वाजवत होतीस.

एवढंच.

रतनबाई (अंगठा)


भोर
२१ एप्रिल २०२४

ती. आजी,

नमस्कार लिहायचा अधिकार मला नाही, तरी लिहिते. हे पत्र चार वेळा फाडलंय.

एक मार्चला संध्याकाळी, बैठकीच्या आदल्या दिवशी, मी तुमचं पत्र सरांना वाचून दाखवलं. पूर्ण. विंचवाजवळ ते हसले. छडीजवळ त्यांनी डोळे मिटले. मी माप त्यांच्या डाव्या हातात दिलं, ते त्यांनी छातीशी धरलं आणि सोडेनात. मी म्हटलं, "सर, उद्या मी सांगते सगळ्यांना." त्यांनी माझं मनगट धरलं.

मी बाहेर आले तेव्हा स्वरूपसर गाडीपाशी थांबले होते. ओरडले नाहीत, धमकावलं नाही. म्हणाले, "मधुवंतीताई, एप्रिलपासून उपकुलसचिवाची जागा रिकामी होतेय. मला उद्या शांतता हवी." बस्स. आजी, मी तुम्हाला सांगू शकले असते की घरी कर्ता कुणी नाही, आई आजारी आहे. तसं काही नाही. मला ती जागा हवी होती. अकरा वर्षं हवी होती.

दुसऱ्या दिवशी माप माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होतं. तांदूळ मी आणलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "एकपासून मोजा." सर बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठेन म्हणून ते वाट बघत होते. मी उठले. त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला आणि पुन्हा बसले.

मग त्यांना कळलं. त्यांनी तोंड डॉक्टरांकडं वळवलं आणि 'एक' म्हणायचा प्रयत्न सुरू केला. तुमच्या पत्रामुळं त्यांना आता माहीत होतं की लोकांना काय हवंय. ओठ फाकायचे, मान ताणायची, शब्द यायचा नाही. घाम आला. मिनिटभर, दोन मिनिटं. 'लाभ' तोंडावर आला असणार. तो त्यांनी गिळला, असं मला दिसलं. शेवटी ते थांबले आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी लिहिलं, 'प्रतिसाद नाही.' आधीच्या वेळी निदान एक शब्द तरी होता. मी पत्र वाचलं नसतं तर ते तो शब्द बोलले असते, आणि तिघांपैकी एखाद्यानं विचारलं असतं, हा शब्द कुठला.

मग त्यांच्यासमोरच 'सारासार समज लोपलेली' असा ठराव वाचला गेला. इतिवृत्त मी लिहिलं.

ते आता सेवाकेंद्रात आहेत. मी दोनदा गेले. ते भिंतीकडं तोंड करतात. मी उपकुलसचिव झाले आहे. माप अमृतकाकांच्या पत्त्यावर पाठवते आहे.

तुम्ही मला क्षमा कराल का, हे विचारायचं धाडस होत नाही.

मधुवंती


मार्गासनी
१२ मे २०२४

मधुवंतीस,

तुझं पत्र नूतननं वाचलं. मधेच उठून ती चुलीकडं गेली, परत आली, मग पुढचं वाचलं. मी उठले नाही. माझे गुडघे धरलेत.

माप मिळालं. आणि त्याच आठवड्यात माप धरणाराही आणला. अमृतचा टेम्पो घेऊन सेवाकेंद्रात गेले. स्वरूपला फोन केला तर एका शब्दात हो म्हणाला. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, सगळं भांडण तसंच परत आणलं. कागद पुढं आला. तिथली बाई म्हणाली, "आजी, सही?" म्हटलं, माझा अंगठा. मग म्हणाली, पेशंटचीही लागेल. म्हटलं, त्याचाही आता अंगठाच. एवढी शाळा काढली, विद्यापीठ काढलं, आणि आमच्या घराण्यातलं शिक्षण फिरून माझ्यापाशीच आलं. ती बाई हसली नाही. इंदा हसला.

त्याला पडवीत बसवला, राजगड दिसतो तिकडं तोंड करून. तीन दिवस काही बोलला नाही. चौथ्या दिवशी मी भाताचं पोतं सोडलं, रास केली, माप त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं आणि आपली शेंगा फोडत बसले. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेंगा निम्म्या झाल्या तेव्हा ऐकलं, "लाभ." मग दोन. मग तीन. डाव्या हातानं निम्मं सांडत होता, पण मोज पक्की. मी वीसपर्यंतची गिऱ्हाईक. त्याच्या पुढं बरोबर की चूक मला कळेना, तर नूतन दारात उभी राहून बोटांवर धरत होती. रास संपेपर्यंत एक चूक नाही, म्हणाली. तुझ्या त्या तिघा डॉक्टरांना सांग. नाहीतर राहू दे, आता कशाला.

असं नऊ दिवस चाललं. रोज तीच रास. सांडायची, भरायची. गेल्या सोमवारी दुसरा झटका आला. आता डावा हातही उचलत नाही. पाणी पाजलं तर ठसका लागून काळानिळा होतो. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण येऊन गेली, लहान आहे, भली आहे. म्हणाली, "आजी, नळी घालायची का पुण्याला नेऊन?" मी त्याला विचारलं. त्यानं डोळे मिटले. तिनं मला विचारलं, म्हणजे काय म्हणाले? म्हटलं, नाही म्हणाला. तिनं ते मानलं. बघ, दोन मिनिटांचं काम होतं.

आता तुझं. तू क्षमेचं लिहिलंस. माझ्याकडं मागू नकोस, माझ्याकडं ती नाही. शोधून बघितली. राग आहे, तोही आता जुना झालाय, नीट पेटत नाही. तुझं देणं माझ्याशी नाहीच. त्याचे कान शाबूत आहेत. पोपटासारखी पत्रं वाचून दाखवलीस, तशी ये, त्याच्यापुढं बस, आणि बैठकीत जे बोलायचं होतं ते बोल. लाभची रीत सांग, माझं नाव सांग, सगळं. ऐकायला तो, मी, नूतन आणि एक शेळी असू. तुझी बढती कुठं जाणार नाही. तो भिंतीकडं तोंड करेल की तुझ्याकडं, ते मी सांगू शकत नाही. तोंड फिरवायची ताकदही आता फार उरलेली नाही, तेव्हा जमलं तर लवकर ये.

भोरहून नसरापूरला उतर, तिथून वेल्ह्याची गाडी मिळते. मार्गासनीत कुणालाही रतनबाईचं घर विचार. कुलपतींचं घर म्हणू नकोस, कुणी सांगणार नाही.

आणि फळांची सजवलेली टोपली आणू नकोस. सफरचंद, डाळिंब, काही चालत नाही. कुस्करून चमचाभर केळं तेवढं उतरतं. नसरापूरच्या बाजारात अर्धा डझन वेलची केळी घे, सालीवर ठिपके पडलेली. पिशवीच्या तळाशी घालू नकोस, मांडीवर धरून आण. हिरवी बिलकूल घेऊ नकोस. ती पिकायची वाट बघण्याइतके दिवस त्याच्यापाशी नाहीत.

रतनबाई (अंगठा)